‘आमी’चे निवेदन : दासगावच्या सांगण्यापासून ‘आयदान’पर्यंत

मराठीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात लोकसाहित्याची अभ्यासपत्रिका वेगळी आणि आधुनिक वाङ्मयाची वेगळी, ही व्यवस्था आता इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यामागे काही भूमिका असेल असे कोणाच्या मनातही येत नाही. दुर्गाबाई भागवतांनी १९५६ साली ‘लोकसाहित्याची रूपरेषा’ लिहून या विषयाला शास्त्राची बैठक दिली. त्यानंतर संकलने झाली, प्रबंध झाले, ओव्यांचे आणि कहाण्यांचे वर्गीकरण झाले. मात्र या साऱ्या उद्योगात एक गोष्ट गृहीत धरली गेली. सांगणारी म्हातारी ही सामग्री, आणि लिहिणारा हा लेखक. सांगणे संपते तिथे साहित्य सुरू होते, असा एक कालक्रम आपण नकळत मान्य करून बसलो. वेळापत्रकात मंगळवारी जात्यावरची ओवी आणि बुधवारी आत्मकथन शिकवणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षिकेला या दोन दिवसांच्या मधल्या रात्री काय घडते, याचे कुतूहल पुष्कळ वर्षे आहे.

उर्मिला पवार यांचे ‘आयदान’ २००३ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि या कुतूहलाला धरण्यासारखी एक संहिता मिळाली. लेखिका १९४५ साली रत्नागिरीजवळच्या फणसवळे गावी जन्मलेल्या. सरकारी नोकरी आणि संसार सांभाळून मुंबईत मराठी विषय घेऊन एम.ए. झालेल्या. ‘सहावं बोट’ (१९८८) आणि ‘चौथी भिंत’ (१९९०) या संग्रहांमुळे कथाकार म्हणून त्यांचे नाव आधीच झालेले होते. म्हणजे ‘आयदान’ची लेखिका ही भाबडी सांगणारी नव्हे. आधुनिक कथेचे तंत्र तिला अवगत आहे, आणि तरीही पुस्तकाचा आरंभ ती ‘मी’पासून करीत नाही. डोक्यावर ओझी घेऊन डोंगर चढत-उतरत रत्नागिरीच्या बाजाराची वाट तुडवणाऱ्या बायांच्या घोळक्यापासून करते. त्या बाया चालतात, थकतात, शिव्या देतात, हसतात, एकमेकींच्या घरच्या गोष्टी उकरून काढतात. वाचकाची या पुस्तकात ओळख होते ती आधी या आवाजाशी. ज्या एका मुलीचे हे आत्मचरित्र आहे ती त्यातून सावकाश पुढे येते.

या आरंभावर बरेच लिहिले गेले आहे. त्यात दलित स्त्रीच्या कष्टांचे चित्रण पाहिले गेले, ते योग्यच आहे. मला मात्र पहिल्या वाचनात जे जाणवले ते निराळे होते. हा घोळक्याचा आवाज माझ्या ओळखीचा होता. तो मी दासगावात ऐकला होता.

दासगाव हे महाड तालुक्यातले, सावित्रीच्या खाडीकाठचे गाव. महामार्गावरून जाणाऱ्याला ते आज एक थांबा म्हणून दिसते, परंतु रस्त्यांचे दिवस येण्यापूर्वी ते बंदर होते. बाणकोटच्या खाडीतून भरतीच्या पाण्यावर बोटी आत येत आणि महाडकडे जाणारी माणसे येथे उतरत. डिसेंबर १९२७ च्या सत्याग्रह परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईहून निघाले ते ‘पद्मावती’ बोटीने. हरिहरेश्वराला बोट बदलून ‘अंबिका’तून २५ डिसेंबरला दासगावी उतरले, आणि तेथून मंडळी सुमारे पाच मैल चालत महाडला गेली. बरोबर मुंबईचे दोनशेच्या आसपास प्रतिनिधी होते. त्याच रात्री परिषदेच्या मंडपासमोर मनुस्मृतीचे दहन झाले. हा मंडप उभा राहिला तो फत्तेखान यांनी दिलेल्या जागेवर. हे सारे छापील चरित्रांतून आणि त्या काळच्या वृत्तांतांतून मिळते.

आमच्या वाडीत ही घटना मिळत असे ती वेगळ्या रूपात. माझी आजी तेव्हा पाच-सहा वर्षांची होती, बापाच्या खांद्यावर बसून धक्क्यावर गेलेली. तिच्या सांगण्यात बोट येण्याआधी पाणी येते. ओहोटी होती, मग भरती लागली, मग पाणी या दगडाला टेकले, मग त्या दगडाला. श्रोत्यांनी दर दगडाला हुंकार द्यायचा. बोट दिसेपर्यंत अर्धी गोष्ट संपलेली असे. बाबासाहेबांविषयी तिच्याजवळ सांगण्यासारखे फार थोडे होते, कारण तिने पाहिली होती ती मुख्यतः माणसांची डोकी. आमच्या शेजारच्या घरात हीच गोष्ट चालण्यापासून सुरू होई. तेथे दासगाव ते महाड या वाटेवरचे प्रत्येक वळण, प्रत्येक विहीर नाव घेऊन येई आणि कोणी कोणाला पाणी दिले, कोणी दिले नाही, याचा हिशेब चुकता होई. तिसऱ्या एका घरी गोष्टीचा भर परतीनंतरच्या दिवसांवर होता. परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांना उद्देशून केलेले भाषण इतिहासात नोंदले गेले आहे. लुगडे कसे नेसावे, अंगावरचे कथलाचे-पितळेचे दागिने का टाकावेत, हे त्यांनी सांगितले. त्या तिसऱ्या घरची गोष्ट या दागिन्यांची होती. ते कुठे टाकले, टाकताना कोण रडली, आणि एका सासूने ते पुन्हा कसे काढून ठेवले.

तीन घरे, तीन गोष्टी. यांतली खरी कोणती, हा प्रश्न विद्यार्थी विचारतात, आणि तो विचारलाही पाहिजे. तारखेसाठी, बोटीच्या नावासाठी मी छापील साधनांकडेच जाईन. आजीच्या गोष्टीत बोटीला नाव नव्हते. परंतु सावित्रीला भरती लागल्याशिवाय दासगावच्या धक्क्याला बोट लागत नाही, ही गोष्ट चरित्रकाराने लिहिलेली नाही. ती लिहिण्याची त्याला गरज वाटली नाही. आजीला वाटली. इतिहासाने कोणत्या पाण्यावरून यायचे, हे तिच्या दृष्टीने महत्त्वाचे होते.

या तिन्ही गोष्टींत एक सर्वनाम समान होते. ‘आमी’. शेजारच्या घरची वाट सांगणारी बाई १९२७ नंतर आठ-दहा वर्षांनी जन्मलेली होती. तरीही ती ‘आमी’ चाललो, ‘आमी’ थांबलो असेच सांगे. लहानपणी आम्हा मुलांना त्यात विसंगती दिसली नाही. शहरात शिकायला गेल्यावर दिसली, आणि निवेदनशास्त्राची परिभाषा हाती आल्यावर तर तिला नाव देण्याचा मोहही झाला. साक्षी निवेदक, सर्वज्ञ निवेदक, अविश्वसनीय निवेदक, यांपैकी कोणत्याच खणात ती बाई बसली नाही. तिचा ‘आमी’ हा जन्मतारखेने मर्यादित झालेला नव्हता. ज्यांच्या चालण्यामुळे आपण ताठ उभे राहिलो त्यांच्यात स्वतःला धरण्याचा तो व्याकरणसिद्ध मार्ग होता.

बेबीताई कांबळे यांच्या आत्मकथनाचे शीर्षकच ‘जिणं आमुचं’ आहे, याकडे अभ्यासकांनी वारंवार लक्ष वेधले आहे. ‘आयदान’मध्ये हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो, कारण येथे ‘मी’ आणि ‘आम्ही’ एकमेकांवर कुरघोडी करीत राहतात. आई आयदाने विणते. कोकणात बांबूच्या टोपल्या-सुपे विणण्याचे काम महार समाजाकडे होते, हे घाटावरच्या वाचकाला मुद्दाम सांगावे लागते. आई विणत असते तेव्हा तिचे हात एका लयीत चालतात आणि घरातले दुःख, टोमणे, हिशेब त्या लयीत मिसळतात. आईचे विणणे आणि आपले लिहिणे यांचे नाते लेखिकेने स्वतःच जोडले आहे. त्याचा पुनरुच्चार समीक्षेत इतका झाला आहे की आता ते नाते जवळजवळ घोषवाक्य झाले. मला त्यातला तांत्रिक भाग अधिक मोलाचा वाटतो. टोपली विणताना पट्टी एकदा वरून जाते, एकदा खालून. दिसेनाशी झालेली पट्टी तुटलेली नसते. ‘आयदान’मधले प्रसंग असेच येतात. एक माणूस येतो, हरवतो, साठ पानांनी दुसऱ्याच्या गोष्टीत पुन्हा वर येतो. कालानुक्रमाच्या अपेक्षेने वाचणाऱ्याला ही रचना सैल वाटते. पडवीत बसून गोष्ट ऐकलेल्याला ती सैल वाटणार नाही.

या ठिकाणी थोडे दूर जाणे उपयोगी ठरेल. उत्तर अमेरिकेतील ओजिब्वे समाजाच्या लेखिका लुईझ अर्ड्रिक (जन्म १९५४) यांची ‘ट्रॅक्स’ ही १९८८ ची कादंबरी इंग्रजीच्या प्राध्यापक मित्राने वाचायला दिली. तिचा निवेदक नानापुश हा म्हातारा. रोगराईने माणसे गेली, जमिनी कागदांनी गिळल्या, आणि हा मागे उरला. तो ही कथा छापील वाचकाला सांगत नाही. ज्या मुलीला तो नात मानतो त्या लुलूला सांगतो, आणि सांगण्यामागे त्याचा स्पष्ट हेतू आहे. तिने आपल्या आईला, फ्लरला, समजून घ्यावे. त्याच्या सांगण्याचा आरंभ प्रथमपुरुषी अनेकवचनात होतो. दुसरी निवेदक पॉलीन एकटी बोलते, तिच्यासमोर कोणी बसलेले नाही, आणि तिचे निवेदन हळूहळू विस्कटत जाते. श्रोता असणे आणि नसणे यांतून दोन निवेदनांची प्रकृती ठरवण्याची ही युक्ती मला विलक्षण वाटली. नानापुशचे नाव ओजिब्वे पुराणकथांतील नानाबोझोची आठवण करून देते. तो सोंगाड्या, खोडकर, खादाड, आणि तरीही लोकांना जगायला शिकवणारा.

आमच्याकडे त्याच्या जवळ कोणाला बसवायचे? तुलना घाईने करू नये, हे खरे. पण शिमग्यातल्या खेळ्यांत काळा झगा घालून, उंच टोपी चढवून येणारा संकासुर ज्याने पाहिला आहे त्याला नानापुशच्या तोंडची चावट भाषा परकी वाटणार नाही. पोरे त्याला भितात, बाया त्याला टाळतात आणि त्याच्याकडे पाहून हसतातही. होळीभोवती ज्या फाका दिल्या जातात त्यांची भाषा आपण अभ्यासग्रंथांत बहुधा फुल्यांनी दाखवतो. अर्ड्रिकच्या म्हाताऱ्याला फुल्यांची गरज पडत नाही.

फुल्यांवरून ‘कवच’ ही कथा आठवते. ‘चौथी भिंत’मधली ही उर्मिला पवारांची कथा एका विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात लागली तेव्हा तिच्यातील द्व्यर्थी शब्दांवर आक्षेप घेतले गेले, हे सर्वश्रुत आहे. आंबे विकणारी आई, तिच्या मालाच्या नावावरून पुरुषांनी केलेली अश्लील कोटी, ती ऐकून आतल्या आत चुरडणारा मुलगा, आणि त्याच भाषेच्या हत्याराने समोरच्याला गप्प करणारी आई. आक्षेप घेणाऱ्यांनी कोटी ऐकली, प्रत्युत्तर ऐकले नाही. मौखिक परंपरेत स्त्रीचे बोलणे म्हणजे ओवी, पाळणा, कहाणी, असा एक सोवळा समज आपल्या अभ्यासातून रूढ झाला आहे. बाजारात उभ्या असलेल्या बाईचे तिखट, तत्काळ, समोरच्याला निरुत्तर करणारे बोलणे हेही मौखिक वाङ्मयच आहे, हे मानायला आपली मांडणी तयार नसते. उर्मिला पवारांनी लेखनात आणले ते मुख्यत्वे हे बोलणे. ओव्या त्यांच्या पुस्तकातून सहज वेगळ्या काढता येतात. हा सवाल-जबाबाचा पीळ काढता येत नाही.

आणखी एक गोष्ट त्यांनी केली, आणि माझ्या मते तिची दखल वाङ्मयाच्या अभ्यासकांनी पुरेशी घेतलेली नाही. ‘आयदान’च्या चौदा वर्षे आधी, १९८९ साली, त्यांनी आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ सिद्ध केला. आंबेडकरी चळवळीत वावरलेल्या स्त्रियांना गाठून, त्यांच्याशी बोलून, त्यांच्या तोंडून. इतिहासाचे पुस्तक म्हणून ते वाचले जाते. पण एखाद्या कथालेखिकेने अनेक वृद्ध स्त्रियांसमोर बसून त्यांचे सांगणे कानांत साठवले, तर त्याचा तिच्या पुढच्या वाक्यांवर काय परिणाम होतो? ‘आयदान’मधले निवेदन इतक्या सहजपणे एका तोंडातून दुसऱ्या तोंडात का जाते, याचे उत्तर मी त्या मुलाखतींच्या शिस्तीत शोधते. शीर्षकातला ‘आम्हीही’ तर सरळ आमच्या शेजारणीचा ‘आमी’ आहे. फक्त त्याला एक ‘ही’ जोडला गेला, कारण आता समोर श्रोता नसून वाचक आहे, आणि वाचकाला आपण होतो हे पटवून द्यावे लागते.

या विवेचनातून कोणी असा अर्थ काढू नये की दासगाव हे निव्वळ सांगणाऱ्यांचे गाव होते. महाड परिसरात लष्करातून निवृत्त झालेली, लिहिता-वाचता येणारी महार मंडळी एकोणिसाव्या शतकापासून होती. रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे त्यांतले अग्रणी. महाडच्या पहिल्या परिषदेसाठी खटपट करणारे रामचंद्र बाबाजी मोरे (१९०३-१९७२) यांचे बालपण दासगावात गेले. पुढे ते कम्युनिस्ट चळवळीत गेले. त्यांचे आत्मकथन अपुरे राहिले, ते त्यांचे पुत्र सत्येंद्र मोरे यांनी चरित्र लिहून पुढे नेले, आणि २०१९ मध्ये त्याचे इंग्रजी रूपही आले. ते भाषांतर वंदना सोनाळकर यांचे. ‘आम्हीही इतिहास घडवला’चे भाषांतरही त्यांचेच, हा योगायोग मला फार आवडतो. मोऱ्यांच्या पानांतून दासगाव दिसते ते अर्ज, पत्रे, शाळा, सभा यांचे. माझ्या आजीच्या गोष्टीतून दिसते ते भरतीचे. दोन्ही एकाच धक्क्यावरची. अर्ड्रिक यांची ‘द नाइट वॉचमन’ (२०२०) ही कादंबरी आधारलेली आहे ती त्यांच्या आजोबांच्या पत्रांवर. टोळ्यांशी झालेले करार गुंडाळण्याचे धोरण १९५३ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने पुढे आणले, तेव्हा रात्रपाळीत पहारा करता करता त्या आजोबांनी लिहिलेली ती पत्रे. ‘वंचितांचे साहित्य मौखिक, म्हणून ते निरागस’ हे समीकरण आपल्या चर्चासत्रांत अजूनही ऐकू येते. त्याला या दोन उदाहरणांनी तरी आळा बसावा. ज्यांना कागदाने नाडले ते कागद लिहायला फार लवकर शिकतात.

जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यात दरडी कोसळल्या. जुई, कोंडिवते, रोहण आणि दासगाव. आमच्या गावातही डोंगराकडच्या घरांवर माती आली आणि माणसे गेली. वाचलेली अनेक कुटुंबे नंतर कित्येक वर्षे पत्र्याच्या निवाऱ्यांत राहिली. त्या निवाऱ्यांत जे सांगणे तयार झाले ते काही वर्षांनी माझ्या एका विद्यार्थिनीने एम.ए.च्या प्रकल्पासाठी ध्वनिमुद्रित केले. वर्तमानपत्रांतला शब्द ‘दरड कोसळली’. या बायांपैकी एकीनेही तो वापरला नव्हता. ‘डोंगर आला’, असे त्या सांगत होत्या. जसा पाहुणा येतो, पाऊस येतो, बोट येते. ओजिब्वे भाषेत नामांचे सजीव आणि निर्जीव असे दोन वर्ग असून दगड हा शब्द सजीव वर्गात पडतो, हे अर्ड्रिक यांच्या एका लेखात मी वाचले होते. विद्यार्थिनीची संहिता वाचताना ते आठवले. मराठीच्या व्याकरणात ही सोय नाही, म्हणून त्या बायांनी ती क्रियापदात करून घेतली.

तिच्या प्रकल्पावर बाह्य परीक्षकांचा शेरा आला तो असा की भाषा अशुद्ध आहे, पुनरुक्ती अनावश्यक आहे, मुलाखती प्रमाण मराठीत आणाव्यात. परीक्षक विद्वान होते आणि लोकसाहित्यावर त्यांचे लेखनही होते. त्यांच्या दृष्टीने ती सामग्री होती, आणि सामग्री स्वच्छ करून घ्यायची असते. पुनरुक्तीचा मुद्दा आम्ही दोघींनी एकेक पान घेऊन तपासला. एक म्हातारी घरातल्या माणसांची नावे चार वेळा सांगते. पहिल्यांदा जेवायला बसलेल्या क्रमाने, दुसऱ्यांदा झोपलेल्या क्रमाने, तिसऱ्यांदा सापडलेल्या क्रमाने. चौथ्यांदा सापडले नाही ते एक नाव आधी येते. यातली कोणती पुनरुक्ती काढायची? शेवटी संहिता आहे तशी ठेवून समोरच्या पानावर प्रमाण मराठीतला सारांश द्यायचा, अशी तडजोड निघाली. गुण फारसे चांगले मिळाले नाहीत.

त्या संहितेत एका ठिकाणी दीड पान कोरे आहे. ध्वनिफितीवर तो भाग होता. सांगून झाल्यावर म्हातारीने विद्यार्थिनीला विचारले, हे छापणार काय? ती हो म्हणाली. तेव्हा म्हातारीने तेवढा भाग वगळायला सांगितले. तो तिने फक्त समोर बसलेल्या मुलीला सांगितला होता. ओजिब्वे लोकांत नानाबोझोच्या कथा हिवाळ्यात, जमिनीवर बर्फ असतानाच सांगण्याची चाल आहे. पुस्तक मात्र कोणत्याही ऋतूत उघडते. छापील पानावर काय यावे आणि काय पडवीतच राहावे, हा निवाडा त्यांच्या आणि आपल्याही लेखिकांना दर पानाला करावा लागत असणार. आपल्याला फक्त छापलेली बाजू दिसते. विद्यार्थिनीने फीत तेवढ्या जागी पुसून म्हातारीला परत नेऊन ऐकवली. आणि प्रकल्पात, कोऱ्या जागेच्या तळाशी, लहान अक्षरांत नोंद केली, की येथे निवेदिकेने सांगितले होते आणि लिहू दिले नाही.